जुन्या चाहत्यांचा न्याय

कलावंताचें वय वाढतें तसें त्याच्या श्रोत्यांचेंही वाढतें. परंतु कलावंताचें वाढलेलें वय श्रोत्यांस चटकन दिसतें आणि स्वतःचें मात्र दिसत नाहीं. एखाद्या जुन्या मंडळीची नवी कृति बाहेर पडली म्हणजे मतांचा जो गलबला उठतो, त्याच्या मुळाशीं पुष्कळदां एवढीच गोष्ट असते. "पूर्वीचें तें आतां राहिलें नाहीं" हें वाक्य तर अशा वेळीं ठरलेलेंच. त्यांत सत्याचा अंश किती आणि बोलणाऱ्याच्या मनाचें प्रतिबिंब किती, याचा विचार करण्यास 'डिपेश मोड' या इंग्लिश बँडचा २०२३ सालचा अल्बम हें एक चांगलें उदाहरण आहे. ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात आणि प्रत्येक पिढीचें गाणें निराळें असतें, तेथील वाचकांस हा विषय अगदींच परका वाटूं नये.

प्रथम या मंडळीची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. लंडनच्या पूर्वेस एसेक्स परगण्यांत बॅझिल्डन म्हणून एक शहर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारनें तें नव्यानें वसविलें. तेथें १९८० सालीं व्हिन्स क्लार्क, मार्टिन गोर, अँडी फ्लेचर आणि डेव्ह गॅहन या चार तरुणांनीं हा बँड उभा केला. नांव त्यांनीं एका फ्रेंच मासिकावरून उचललें. त्याचा अर्थ साधारणतः 'फॅशनची वार्ता' असा होतो. वार्ता दुसऱ्या दिवशीं शिळी होते. हें नांव मात्र चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकलें, ही गंमत खरी.

या तरुणांनीं गिटारीपेक्षां सिंथेसायझरवर भर दिला. या यंत्रांत तार छेडावी लागत नाहीं कीं फुंकर घालावी लागत नाहीं; विजेचीं आंदोलनें उत्पन्न करून, तीं गाळून व वळवून, त्यांतून स्वर काढितात. पुढें सँपलर आला. त्यांत कोणताही आवाज सांठवून ठेवितां येतो आणि हव्या त्या सुरांत वाजवितां येतो. १९८३ च्या 'कन्स्ट्रक्शन टाइम अगेन' या अल्बमाच्या वेळीं ही मंडळी लंडनमध्यें जेथें इमारती उभ्या राहत होत्या तेथें जात, लोखंडावर व पत्र्यावर ठोके मारून ते आवाज टिपीत, आणि त्यांतूनच संगीत घडवीत. यंत्राच्या संगीतास हृदय नसतें, असा आक्षेप त्या काळीं सर्रास घेतला जाई. गोर यांच्या गाण्यांनीं त्यास उत्तर दिलें. कारण वाद्य यंत्राचें असलें तरी विषय एकाकीपणा, अपराध आणि श्रद्धा हे होते.

अशा गाण्यांस जे चाहते मिळाले ते साधे चाहते नव्हते. त्यांस भक्तच म्हटलें पाहिजे. १८ जून १९८८ रोजीं कॅलिफोर्नियांतील पॅसाडीना येथील रोझ बोल या मैदानांत सुमारें ६०,००० लोक त्यांचें गाणें ऐकण्यास जमले. त्याच वर्षीं मार्च महिन्यांत, भिंत अद्याप उभी असतां, त्यांनीं पूर्व बर्लिनमध्यें कार्यक्रम केला. रशियांत ९ मे हा दिवस महायुद्धांतील विजयाचा; योगायोगानें गॅहन यांचा जन्मही ९ मे चा, १९६२ सालचा. मॉस्कोंतील चाहते त्या दिवशीं रस्त्यावर जमून आपल्या गायकाचा वाढदिवस साजरा करीत, असें एका माहितीपटांत पाहावयास सांपडतें. ज्या देशांत पाश्चात्य ध्वनिमुद्रिका सहजासहजीं मिळत नव्हत्या, तेथें ज्यांनीं टेपवरून टेप उतरवून हीं गाणीं मिळविलीं, त्यांस तीं केवळ करमणूक वाटलीं नाहींत, यांत नवल काय?

परंतु भक्त म्हटला म्हणजे त्याच्यापाशीं एक जमाखर्चाची वही असते. या मंडळीच्या चाहत्यांची वही फार जुनी आहे. पहिल्या अल्बमांतील बहुतेक गाणीं रचणारे व्हिन्स क्लार्क १९८१ सालींच बाहेर पडले. तेव्हां आतां हा बँड संपला असें पुष्कळांस वाटलें. त्यांच्या जागीं १९८२ मध्यें ॲलन वाइल्डर आले. ध्वनींची रचना करण्यांत त्यांचा हात विलक्षण. 'एन्जॉय द सायलेन्स' हें १९९० सालचें त्यांचें सर्वांत लोकप्रिय गाणें गोर यांनीं मुळांत हार्मोनियमच्या साथीवर संथ लयींत बांधिलें होतें. त्याची लय वाढवावी ही सूचना वाइल्डर यांची, आणि गोर यांस ती प्रथम मुळींच रुचली नव्हती. १९९५ सालीं वाइल्डर निघून गेले. तेव्हांपासून प्रत्येक नव्या अल्बमाच्या वेळीं जुन्या चाहत्यांच्या एका पक्षाचें पालुपद ठरलेलें असतें: "वाइल्डर असते तर!" १९९६ सालीं मादक द्रव्यांच्या अतिरेकानें गॅहन मरणाच्या दारांत जाऊन परत आले, कांहीं क्षण तर त्यांच्या हृदयाचें स्पंदन बंद पडलें होतें. तेंही या वहींत नोंदलेलें आहे.

आतां अँडी फ्लेचर यांजकडे वळूं. कारण या लेखाचा खरा मुद्दा त्यांच्याशीं निगडित आहे. चाळीस वर्षे ते बँडमध्यें होते, परंतु गाणें रचणें, गाणें किंवा वादनांत चमकणें यांपैकीं कशाबद्दलच त्यांची ख्याति नव्हती. गोर गाणीं लिहितात, वाइल्डर उत्तम वादक, गॅहन गायक आणि आपण मात्र नुसते हिंडतों, असें १९८९ च्या '१०१' या चित्रपटांत त्यांनींच थट्टेनें सांगितलें आहे. वस्तुतः व्यवहार पाहणें, हिशेब ठेवणें, आणि गोर व गॅहन या दोन भिन्न स्वभावांच्या माणसांमध्यें मध्यस्थी करणें, हें काम त्यांचें. आमच्या एकत्र कुटुंबांत असा एखादा काका बहुधा असतोच. कर्तबगारीच्या गोष्टी निघाल्या म्हणजे त्याचें नांव कोणी घेत नाहीं. परंतु दोघां भावांतला निरोप तोच पोंचवितो, रुसवा तोच काढितो, आणि तो गेल्यावर घर किती सांध्यांनीं जोडलेलें होतें हें इतरांस कळतें.

२६ मे २०२२ रोजीं फ्लेचर वयाच्या ६० व्या वर्षीं एकाएकीं निवर्तले. पुढील वर्षीं, २४ मार्च २०२३ रोजीं, उरलेल्या दोघांचा 'मेमेंटो मोरी' हा अल्बम प्रसिद्ध झाला. बँडचा हा पंधरावा अल्बम, आणि मागल्या अल्बमानंतर सहा वर्षांनीं आलेला. नांव लॅटिन असून त्याचा भावार्थ 'मरण आहे हें विसरूं नको' असा आहे.

जुन्या चाहत्यांत यावर जीं मतें उठलीं त्यांचे ठोकळमानानें तीन वर्ग करितां येतील. पहिला वर्ग भारावून गेला. कित्येक वर्षांत इतकें चांगलें काम या मंडळीकडून झालें नव्हतें, असें तो म्हणूं लागला. दुसऱ्या वर्गास अल्बम फार संथ व उदास वाटला. १९९० च्या 'व्हायोलेटर' मधील गाण्यांसारखें पहिल्या श्रवणांत मनांत घर करणारें यांत काय आहे, असा त्याचा प्रश्न. तिसरा वर्ग यांहून वेगळा. तो संगीताविषयीं फारसें बोललाच नाहीं; त्यानें प्रत्येक गाण्यांत फ्लेचर यांची आठवण ऐकिली आणि डोळे पुसले.

या तिसऱ्या वर्गाचें ऐकणें आम्हांस सर्वांत विचार करण्यासारखें वाटतें. कारण वस्तुस्थिति अशी आहे कीं, यांतील बहुतेक गाणीं आणि अल्बमाचें नांवसुद्धां फ्लेचर यांच्या निधनापूर्वींच ठरलेलें होतें. महामारीच्या काळांत घरीं बसून गोर यांनीं तीं लिहिलीं. त्यांपैकीं चार 'सायकेडेलिक फर्स' या बँडचे रिचर्ड बटलर यांच्या सहकार्यानें. म्हणजे चाहत्यांनीं ज्यास मित्राचा शोक मानिलें, तो शोक लिहिला गेला तेव्हां मित्र हयात होता. मग त्यांचें ऐकणें खोटें ठरलें काय? आमच्या मतें मुळींच नाहीं. साठीच्या उंबरठ्यावरील मनुष्य मरणाविषयीं लिहितो तें कोणा एकाच्या मरणाविषयीं नसतें; पुढें ज्याचा प्रसंग येतो त्यास तें लागू पडतें. शिवाय हीं गाणीं जेव्हां गाइलीं गेलीं तेव्हां गाणारांस तो वियोग ठाऊक होता. शब्द आधींचे, पण आवाज नंतरचा. 'घोस्ट्स अगेन' या गाण्याच्या चित्रफितींत गॅहन आणि गोर समोरासमोर बुद्धिबळ खेळत बसले आहेत; इंगमार बर्गमन यांच्या १९५७ च्या चित्रपटांतील मृत्यूशीं डाव मांडणारा योद्धा त्यांत उघडच सूचित आहे. पूर्वीं ज्यांच्या मध्यें तिसरा माणूस बसत असे, ते दोघे आतां एकमेकांच्या डोळ्यांस डोळे देऊन बसले आहेत, हें जुन्या चाहत्यास कोणी सांगावें लागलें नाहीं. फ्लेचर गेल्यावर आम्हां दोघांस एकमेकांशीं सरळ बोलणें भाग पडलें, अशा अर्थाचें त्यांनीं स्वतःच मुलाखतींतून सांगितलें आहे. अल्बमांतील 'वॅगिंग टंग' हें गाणें गॅहन आणि गोर या दोघांच्या नांवावर आहे. इतक्या वर्षांत जोडीनें गाणें रचण्याचे प्रसंग त्यांच्यांत अगदीं विरळा आले होते.

येथें जुन्या चाहत्याचें श्रेष्ठत्व दिसतें. ज्याचा आवाज कधींच वेगळा ऐकूं आला नाहीं अशा माणसाची उणीवही तो ऐकूं शकतो. नवख्या श्रोत्यास बारा गाणीं ऐकूं येतात. जुन्यास बारा गाणीं आणि एक रिकामी खुर्ची.

परंतु याच वहीमुळें तो अन्यायही करितो. दुसऱ्या वर्गाची तक्रार पाहा. 'व्हायोलेटर' निघाला तेव्हां गॅहन अवघे सत्तावीस वर्षांचे होते, आणि तक्रार करणारा कदाचित् सतरा वर्षांचा. सतराव्या वर्षीं ऐकिलेलें गाणें मनावर जसें उमटतें तसें पंचावन्नाव्या वर्षीं ऐकिलेलें उमटत नाहीं. त्यांत गाण्याचा दोष थोडा आणि मेणाचा दोष अधिक, कारण मेण आतां घट्ट झालें आहे. पुन्हा, मंडळीनें जुनेंच वाजविलें असतें तर हेच लोक म्हणाले असते कीं, यांची प्रतिभा आटली. स्वतः संसारी झालों, केस पांढरे झाले, मुलें मोठीं झालीं. परंतु आपल्या गायकानें मात्र सत्तावीस वर्षांचेंच राहावें, ही अपेक्षा प्रेमाची असली तरी न्यायाची नव्हे.

याचा अर्थ असा नव्हे कीं, जुन्या चाहत्यानें तोंडाला कुलूप घालावें. जेथें काम फिकें झालें असेल तेथें तें फिकें म्हणण्याचा अधिकार चाळीस वर्षे ऐकणाराइतका दुसऱ्या कोणास असणार? आंधळी स्तुति ही निष्ठेची खूण नव्हे. ती पुष्कळदां कंटाळ्याची खूण असते. आमचें म्हणणें इतकेंच कीं, तक्रार करण्यापूर्वीं दोन प्रश्न आपले आपणास विचारावे. मला जें उणें वाटतें तें या गाण्यांत उणें आहे, कीं माझ्या तारुण्यांत उणें झालें आहे? आणि कलावंतानें आपल्या वयाचें सत्य सांगितलें आहे, कीं तरुणपणाचें सोंग आणिलें आहे? दुसऱ्या प्रश्नास 'मेमेंटो मोरी' पुरतें उत्तर स्पष्ट आहे. या दोघांनीं सोंग आणिलेलें नाहीं. साठीचीं माणसें साठीच्या माणसांसारखीं गाइलीं आहेत. आणि तारुण्याचा जयघोष हाच ज्या संगीताचा धंदा, त्यांत ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाहीं.

२०२३-२४ मध्यें या अल्बमासह त्यांनीं देशोदेशीं दौरा केला. त्यांत 'वर्ल्ड इन माय आइज' हें १९९० चें गाणें ते फ्लेचर यांच्या स्मरणार्थ म्हणत. हें गाणें फ्लेचर यांचें विशेष आवडतें, आणि त्या वेळीं रंगमंचामागील पडद्यावर त्यांचा चेहरा दिसे. जुनें गाणें तेंच होतें. अर्थ मात्र नवा झाला होता. नव्या गाण्यांसही असाच अवधि दिला पाहिजे. आज जें संथ वाटतें तें दहा वर्षांनीं, एखाद्या रिकाम्या खुर्चीकडे पाहतांना, अगदीं योग्य लयींतलें वाटण्याचा संभव आहे.

ज्यास गायकाचें वार्धक्य सोसत नाहीं त्यानें जुनी ध्वनिमुद्रिका पुन्हा लावावी. ती जशीच्या तशी आहे, तिला कोणी हात लाविलेला नाहीं. परंतु ज्यास गायकाबरोबर पुढें चालावयाचें आहे त्यानें नवी ऐकावी, शांतपणें ऐकावी, आणि मत देण्याची घाई करूं नये. चाळीस वर्षे जोडलेल्या संबंधास आणखी चार महिन्यांची वाट पाहणें जड जाऊं नये.