तेरा मिनिटांचा हिशेब

एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा. संघाचा मुख्य पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणणारा, चाल ठरवणारा, कुणाला कधी पास द्यायचा हे ओळखणारा खेळाडू, त्यातली ३५ मिनिटं मैदानावर असतो. उरली तेरा. २०२४-२५च्या हंगामात ह्यूस्टन रॉकेट्सच्या रीड शेपर्डला सामन्यामागे सरासरी १२.६ मिनिटं मिळाली. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला वीस वर्षांचा मुलगा, आणि त्याच्या वाट्याला आली ती जवळजवळ तेवढीच शिल्लक.

माझा भाचा ह्यूस्टनमध्ये असतो. तिकडे रात्रीचा सामना, आपल्याकडे सकाळचा चहा. मध्यंतर झालं की त्याचा फोन ठरलेला. त्या वर्षी त्याचं एकच पालुपद होतं, "मामा, पोराला खेळवत का नाहीत? पहिल्या मिनिटापासून उतरवायला हवं त्याला." यातलं निम्मं मला पटायचं आणि निम्म्यावर आमचं वाजायचं. शेपर्डला जास्त खेळायला मिळायला हवं होतं याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण सुरुवातीच्या पाचांत असणं वेगळं आणि भरपूर खेळणं वेगळं, आणि याचा दाखला खुद्द शेपर्डच आहे. केंटकी विद्यापीठाकडून तो २०२३-२४मध्ये ३३ सामने खेळला. त्यातल्या फक्त पाच सामन्यांत तो सुरुवातीपासून मैदानात होता, एरवी बाकावरून उठून आला. तरीही ४० मिनिटांच्या त्या सामन्यांत तो सरासरी २९ मिनिटं खेळला आणि तीन गुणांचे निम्म्याहून जास्त, ५२.१ टक्के फटके त्याने बास्केटमध्ये घातले. कॉलेजच्या पातळीवरसुद्धा असा नेम क्वचित पाहायला मिळतो.

प्रशिक्षक इमे उदोका यांची बाजू मी भाच्यापुढे नेहमी मांडायचो, कारण ती खरी आहे. ते येण्यापूर्वी, २०२२-२३च्या हंगामात, रॉकेट्सनी २२ सामने जिंकले होते. उदोकांच्या पहिल्या वर्षी ४१ जिंकले, दुसऱ्या वर्षी ५२. ही चढण बचावाच्या जोरावर झाली. त्यांच्या संघात जागा मिळते ती आधी बचाव पाहून. शेपर्ड सहा फूट दोन इंच, म्हणजे एनबीएत ठेंगणाच. असा गार्ड मैदानात आला की प्रतिस्पर्धी त्याला हेरतात. तो ज्याला रोखत असतो त्या खेळाडूला ते आपल्या सर्वांत धोकादायक माणसासाठी स्क्रीन लावायला, म्हणजे बचावपटूच्या वाटेत आडवं उभं राहायला, पाठवतात. बचाव करणाऱ्यांची अदलाबदल होते आणि या मुलासमोर एकदम सहा फूट आठ इंचांचा, त्याच्याहून कितीतरी वजनदार गडी उभा राहतो. मग पुढच्या चालीत तेच, त्याच्या पुढच्या चालीतही तेच. नियमित हंगामात संघ हे अधूनमधून करतात, प्लेऑफमध्ये मात्र अजिबात दयामाया नसते.

२०२५च्या प्लेऑफमध्ये पहिल्याच फेरीत गोल्डन स्टेट वॉरियर्स समोर आले, म्हणजे स्टीफन करी समोर आला. शेपर्डला नाममात्र खेळवलं गेलं. मुख्य पॉइंट गार्ड फ्रेड व्हॅनव्लीट मालिकेच्या सुरुवातीला चाचपडत होता, तरी उदोकांनी भिस्त ठेवली ती त्याच्यावरच. चौथ्या सामन्यात त्याने २५ गुण केले, पाचव्यात २६, सहाव्यात २९, आणि १-३ अशी हातची जाऊ लागलेली मालिका सातव्या सामन्यापर्यंत ओढत नेली. सातवा सामना रॉकेट्स हरले. पण त्या मालिकेत मुलाला बसवणं चुकलं असं मी म्हणणार नाही. माझी तक्रार आहे ती नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांबद्दल.

आणि ती करताना मला राहून राहून पेटन प्रिचर्ड आठवतो. बॉस्टन सेल्टिक्सने २०२०मध्ये २६व्या क्रमांकावर निवडलेला, शेपर्डहून इंचभर बुटकाच. पहिल्या वर्षी त्याला सामन्यामागे १९ मिनिटं मिळाली. दुसऱ्या वर्षी प्रशिक्षक म्हणून हेच उदोका आले, तेव्हा १४. संघ अंतिम फेरीपर्यंत गेला, त्यामुळे बोलायला जागा नव्हती. तिसऱ्या वर्षी प्रशिक्षक बदलले, जो मझुला आले, आणि मिनिटं तेराच्या घरात आली. मुलगा मोठा होत होता आणि त्याचा वेळ आटत होता. पुढे मार्कस स्मार्ट, डेरिक व्हाइट, माल्कम ब्रॉग्डन अशी रांग होती आणि तिघेही कसलेले, तेव्हा कोणाला हटवणार? त्या हंगामाच्या अखेरच्या सामन्यात, निकालाला काही किंमत उरलेली नसताना, प्रिचर्डला भरपूर खेळू दिलं. त्याने ३० गुण, १४ रिबाउंड आणि ११ असिस्ट केले.

अशा एका सामन्यावरून खेळाडू तयार झाला असं कोणी सिद्ध करू नये. शेपर्डच्या बाबतीतही तसाच एक दिवस आला होता. ३ मार्च २०२५ला त्याला पहिल्यांदा सुरुवातीपासून उतरवलं, तेही त्या वर्षी पुढे विजेते झालेल्या ओक्लाहोमा सिटीविरुद्ध, आणि त्याने २५ गुण केले. रॉकेट्सचे काही प्रमुख खेळाडू त्या दिवशी नव्हते आणि सामना ते हरलेच. थोड्याच दिवसांत त्याच्या अंगठ्याचं हाड मोडलं आणि तो धागा तिथेच तुटला. मला त्या सामन्यात २५ गुणांपेक्षा जास्त भावली ती त्याची मान. ती बाकाकडे वळत नव्हती.

एरवी वळायची. एक पास हुकला, चेंडू समोरच्याच्या हाती गेला, की मुलगा आपसूक प्रशिक्षकाकडे बघायचा. तेरा मिनिटं सलग कधीच मिळत नाहीत. दुसऱ्या क्वार्टरच्या तोंडावर पाच-सहा, तिसऱ्याच्या शेवटी पाच-सहा. बाकावर बसून अंग गार पडलेलं, सोबत चारही जण राखीव किंवा अर्धेमुर्धे बदललेले. पिक अँड रोल खेळताना, म्हणजे जोडीदाराच्या स्क्रीनआडून चेंडू पुढे नेताना, समोरचा उंच बचावपटू मागे सरकून बास्केट राखतोय की अंगावर चालून येतोय, हे पहिल्या खेपेला दिसतं. त्यावर काय करायचं ते दुसऱ्या खेपेला सुचतं. तिसऱ्या खेपेला समोरचे आपला डाव बदलतात आणि सगळं नव्याने वाचावं लागतं. पॉइंट गार्डचं खरं शिक्षण या तिसऱ्या खेपेपासून सुरू होतं, आणि पाच मिनिटांच्या पाळीत तिथवर पोचायच्या आत बाकावरून हाक येते. हे सरावात शिकता येत नाही, कारण सरावात समोर आपलेच लोक असतात आणि आपल्याच चाली. धाकटा संघही पुरत नाही. रॉकेट्सनी शेपर्डला काही दिवस जी लीगमध्ये पाठवलं, तिथे त्याने एका सामन्यात ४९ गुण कुटले. त्यातून कळलं एवढंच, की ती पातळी त्याच्यासाठी फार सोपी आहे.

शिवाय पाच मिनिटांत हाक येणार हे माहीत असलं की खेळणारा जपून खेळतो. ज्याचा नेम हाच त्याचा मोठा गुण, तो मोकळा असूनही फटका न मारता बाजूला पास देतो. मग आकडे बेताचे दिसतात, आणि आकडे बेताचे म्हणून वेळ वाढत नाही. या चक्रातून मुलगा स्वतःच्या बळावर बाहेर पडेल अशी अपेक्षा करणं मला अन्यायाचं वाटतं. चक्र प्रशिक्षकाने तोडायचं असतं.

प्रत्यक्षात ते तुटतं अपघाताने. सप्टेंबर २०२५मध्ये, हंगाम सुरू व्हायच्या आधीच, व्हॅनव्लीटच्या गुडघ्यातला एसीएल हा स्नायुबंध फाटला आणि त्यानंतर शेपर्डचा वेळ दुपटीच्या आसपास गेला. २०१२मध्ये न्यूयॉर्क निक्सकडे जेरेमी लिन बाकाच्या टोकाला बसलेला होता. दोन संघांनी आधी त्याला काढून टाकलेलं, आणि निक्स रडतखडत चाललेले, म्हणून त्याला उतरवलं गेलं. मग त्याने न्यूयॉर्कला कसं वेड लावलं ते जगाने पाहिलं. डॅलसच्या जेलन ब्रन्सनचं उदाहरण तर मला सर्वांत जास्त बोचतं. २०१८ला ३३व्या क्रमांकावर आलेला, लुका डॉन्चिचच्या मागे उभा. २०२१च्या प्लेऑफमध्ये क्लिपर्सविरुद्ध त्याचा वेळ कापला गेला. पुढच्या वर्षी युटाविरुद्धच्या मालिकेआधी डॉन्चिचची पोटरी दुखावली आणि तो पहिले तीन सामने बसला. ब्रन्सनने दुसऱ्या सामन्यात ४१ गुण केले आणि तिसऱ्यात ३१. त्याला चार वर्षांसाठी साधारण साडेपाच कोटी डॉलरमध्ये बांधून ठेवण्याची संधी डॅलसला आधी होती, ती त्यांनी घेतली नव्हती. त्या उन्हाळ्यात तो १० कोटी ४० लाख डॉलरवर न्यूयॉर्कला गेला आणि तिथे संघाचा कर्णधार झाला.

प्रिचर्डचं दारही त्याच्या खेळाने उघडलं नाही. २०२३मध्ये दोन हंगामांमधल्या काळात स्मार्ट आणि ब्रॉग्डन दोघेही सौद्यांत गेले आणि जागा झाली. पुढच्या हंगामात तो ८२पैकी ८२ सामने खेळला, सामन्यामागे २२ मिनिटं. चेंडू गमावण्याची त्याची सरासरी एकाहूनही कमी होती. त्याच वर्षी सेल्टिक्स विजेते झाले. अंतिम मालिकेच्या दुसऱ्या सामन्यात तिसरा क्वार्टर संपताना आणि पाचव्या सामन्यात मध्यंतराचा बझर वाजताना, केवळ शेवटच्या काही सेकंदांसाठी मैदानात पाठवलेल्या या मुलाने लांबून फेकलेले दोन्ही चेंडू बास्केटमध्ये गेले. त्याच्या पुढच्या वर्षी २८ मिनिटं, १४.३ गुण आणि सर्वोत्तम राखीव खेळाडूचा मान. तेरा मिनिटांत दिसत नव्हता तो खेळाडू हाच होता.

"मग कुणाचा वेळ कापायचा?" असं मी भाच्याला विचारायचो, आणि त्याचं उत्तर असायचं, "व्हॅनव्लीटचा." मला ते मान्य नाही, आणि गंमत म्हणजे उत्तर व्हॅनव्लीटच्याच कारकिर्दीत आहे. २०१६मध्ये त्याला ड्राफ्टमध्ये कोणीही घेतलं नाही. टोरांटोने ठेवून घेतला, पहिल्या वर्षी आठ मिनिटं. दुसऱ्या वर्षी वीस. ती जास्तीची बारा मिनिटं मुख्य पॉइंट गार्ड कायल लाउरीकडून ओरबाडून घेतलेली नव्हती. टोरांटोने दोन्ही पॉइंट गार्ड एकाच वेळी मैदानात ठेवायला सुरुवात केली, अगदी अटीतटीच्या शेवटच्या मिनिटांतसुद्धा. गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसलेल्या शिष्याला मैफलीतच एखादी जागा घ्यायची खूण होते आणि मग गुरू पुढे सूत्र हाती घेतो, तसा लाउरी शेजारी असायचा. चेंडू कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे. बचाव चुकला तर सावरायला थोरला हजर. त्या वर्षी सर्वोत्तम राखीव खेळाडूच्या मतदानात व्हॅनव्लीट तिसरा आला, आणि २०१९च्या अंतिम मालिकेतल्या निर्णायक सहाव्या सामन्यात त्याने २२ गुण केले. ज्या माणसाला हे असं घडवलं गेलं, त्याच्याच पाठीमागे शेपर्ड बसला होता. रॉकेट्सकडे दुरून नेम धरणाऱ्यांची चणचण होती, म्हणजे या दोघांना एकत्र खेळवण्यात संघाचाही फायदा होता. ५२ विजयांऐवजी ५० झाले असते, तरी माझ्या मते तो सौदा परवडला असता.

धीर धरण्याचा धडा शेपर्डला घरातच मिळालेला आहे. त्याचे वडील जेफ शेपर्डही केंटकीचेच. १९९६-९७चा अख्खा हंगाम त्यांनी न खेळता काढला, संघात गर्दी होती म्हणून. पुढच्या वर्षी केंटकी विजेते झाले आणि अंतिम चार संघांतले सर्वोत्तम खेळाडू ठरले जेफ. पण त्यांच्या थांबण्याला मुदत होती. एक वर्ष, मग मैदान. एनबीएतल्या नव्या मुलाला अशी मुदत कोणी देत नाही, आणि त्याचा पहिला करार तर चारच वर्षांचा असतो. त्यातलं एक वर्ष तेरा मिनिटांत गेलं की खेळाडूचं नुकसान होतंच, पण आपण काय निवडलंय हे कळायला संघाकडेही कमी दिवस उरतात.

ठरवून केलं तर काय होतं याचं उत्तम उदाहरण सॅन अँटोनिओमध्ये आहे. २००१मध्ये २८व्या क्रमांकावर निवडलेल्या, १९ वर्षांच्या टोनी पार्करला ग्रेग पॉपोविच यांनी हंगामाच्या पाचव्या सामन्यापासून मुख्य पॉइंट गार्ड केलं. कुणाची दुखापत, कुणाचा सौदा यांची वाट पाहिली नाही. आणि तरीही २००३च्या अंतिम मालिकेतल्या सहाव्या सामन्यात, समोर जेसन किडसारखा गार्ड असताना, पार्करला बसवून शेवटची मिनिटं स्पीडी क्लॅक्सटनला दिली. सॅन अँटोनिओ जिंकले. पार्कर मोडून पडला नाही, कारण वर्षभरातला प्रत्येक सामना त्याने सुरुवातीपासून खेळलेला होता. २००७च्या अंतिम मालिकेत सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. वर्षभर विश्वास टाकून जूनमधल्या एका संध्याकाळी बसवणं आणि वर्षभर बसवून एका संध्याकाळी परीक्षा घेणं, यात मुलाच्या मनावर होणारा फरक प्रचंड आहे.

म्हणून व्हॅनव्लीट बरा होऊन परतला, की शेपर्डची मिनिटं पुन्हा तेरावर आणू नयेत. वीस-बावीस ठरवून द्यावीत, त्यातली दहा तरी दोघांनी एकत्र खेळावीत, आणि चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला चेंडू शेपर्डच्या हातात असावा, आधीच्या चालीत त्याने तो गमावलेला असला तरीही. एप्रिलमध्ये, प्लेऑफ आल्यावर, बचाव तोकडा पडला, तर उदोकांनी त्याला खुशाल बसवावं.