वाईट खेळण्याचा हक्क

खंडाळा तालुक्यातील सुखेड आणि बोरी या दोन गावांच्या मधून एक ओढा वाहतो. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका या ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि वाद्यांच्या गजरात, हातवारे करीत एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात. 'बोरीचा बार' या नावाने ही प्रथा प्रसिद्ध आहे. दरवर्षी तिची छायाचित्रांसह बातमी येते आणि शहरी वाचक ती कौतुकाने वाचतो. आम्हांस त्या बातमीत निराळेच काही खुपते. चारचौघांत आवाज चढवून, निव्वळ मौजेखातर, चढाओढीच्या आवेशात काही करण्याची मुभा बाईला आहे खरी; पण तिथी पंचांगाने ठरवून दिलेली.

आपल्याकडील बायकांचे बहुतेक खेळ असेच कुठल्या ना कुठल्या निमित्ताला बांधलेले आहेत. झिम्मा-फुगडी मंगळागौरीला, आणि मंगळागौर लग्नानंतरच्या पहिल्या पाच वर्षांतल्या श्रावणात. भोंडला हस्त नक्षत्र लागल्यावर. सागरगोटे आणि काचापाणी यांना तिथी नव्हती, पण वयाची मर्यादा होती. मुलगी मोठी झाली की सागरगोटे फडताळात. याउलट पुरुषांच्या पत्त्यांना, कॅरमला, बुद्धिबळाला ना तिथी ना वय. रोज संध्याकाळी डाव मांडावा, रोज हरावे आणि उद्या पुन्हा यावे. त्याचे कारण त्यांना कोणी विचारीत नाही.

हा भेद कुठे उघड दिसत असेल, तर तो खेळाचे साहित्य विकणाऱ्या दुकानात. पुण्या-मुंबईत हल्ली पटावरच्या खेळांची खास दुकाने आणि कॅफे निघाले आहेत. त्यांची गोष्ट वेगळी. तालुक्याच्या गावी हे दुकान म्हणजे एक काउंटर, मागे बॅटी आणि करंडकांची रांग, खाली कॅरमच्या सोंगट्या नि बोरिक पावडरचे डबे. बाई आत शिरली की पहिला प्रश्न ठरलेला: "मुलासाठी का?" स्वतःसाठी, असे उत्तर आले की क्षणभर शांतता पसरते. मग पुढे येतो तो हलका, रंगीत, 'लेडीज' माल. सोबत नवरा किंवा भाऊ असेल तर प्रश्न ती विचारते आणि उत्तर त्याला मिळते. स्ट्रायकर १५ ग्रॅमपेक्षा जड नसावा, एवढेच नियम सांगतो. तो कोणाच्या बोटांनी मारायचा याविषयी नियम गप्प आहे. दुकानदार मात्र गप्प नसतो.

त्याला आम्ही दुष्ट म्हणणार नाही. बहुधा तो आदबीनेच वागतो, 'ताई' म्हणतो, खुर्ची देतो, आणि ही आदबच अडचणीची आहे. मंडळाच्या खोलीत, टांगत्या दिव्याखाली कॅरम रंगलेला असताना एखादी मुलगी दारात उभी राहिली की खेळणाऱ्यांचे बोलणे बंद पडते, कोणी उठून जागा देतो, कोणी मुद्दाम सोपी सोंगटी सोडतो. तिला कोणी हाकलत नाही. फक्त तिच्या येण्याने खेळ थांबतो, आणि आपण आल्याने खेळ थांबतो हे कळलेली मुलगी सहसा दुसऱ्यांदा येत नाही.

यावर तयार उत्तर असते ते पदकांचे. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनमध्ये तिरंदाजीत जगज्जेती झाली. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. आता आणखी काय हवे? आमचे म्हणणे असे की पदक हा खेळण्याचा परवाना झाला, तर ज्यांना पदक मिळणार नाही त्यांनी काय करावे? गावातले दहा पुरुष वीस-वीस वर्षे अत्यंत सुमार बुद्धिबळ खेळत आले आहेत आणि त्यात परम सुखी आहेत. तेवढे सुमार खेळण्याची सोय बाईला नाही. तिने एक तर जिंकावे, नाही तर घरी जावे.

आणि जिंकूनही भागत नाही. रोहिणी खाडिलकर १९७६ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत उतरल्या तेव्हा एवढा गदारोळ झाला की प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष माक्स यूवे यांना सांगावे लागले की स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही. तेरा वर्षांच्या मुलीशी हरण्याचे भय मोठमोठ्यांना किती असते, याचा हा उत्तम दाखला. हे जुने झाले म्हणावे, तर २०२४ च्या जानेवारीत नेदरलंड्समधल्या टाटा स्टील स्पर्धेनंतर नागपूरच्या दिव्या देशमुखला जाहीरपणे लिहावे लागले की प्रेक्षक तिच्या चालींपेक्षा कपडे, केस आणि उच्चार यांवरच बोलतात. पुढच्याच वर्षी ती बाटुमी येथे विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. त्या प्रेक्षकांपैकी किती जणांनी नंतर तिचे डाव पाहिले असतील, कोण जाणे.

बुद्धिबळाच्या कोणत्याही स्पर्धेला जा. सभागृहाबाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर डबा आणि पाण्याची बाटली सांभाळीत आया बसलेल्या दिसतील. विश्वनाथन आनंदला पहिल्या चाली त्याच्या आईने, सुशीलाबाईंनी शिकवल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे आईला खेळ येतो हे आपण मानतो. फक्त तो तिने मुलाला द्यावा, स्वतः पटावर बसू नये. त्या खुर्च्यांवरील एखादीला, "वहिनी, वेळ आहे तर एक डाव टाकायचा का?" असे कोणी विचारल्याचे आम्ही अद्याप पाहिलेले नाही.

सावित्रीबाई फुले याच खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. ३ जानेवारीला, त्यांच्या जयंतीला, गावोगाव महिलांचे कार्यक्रम होतात: रांगोळी, पाककृती, संगीतखुर्ची. २००४ साली 'होम मिनिस्टर' दूरचित्रवाणीवर सुरू झाले आणि तेव्हापासून 'खेळ पैठणीचा'ही गावोगाव पोचला. बायका त्यांत मनापासून रमतात. त्याला नाक मुरडणाऱ्यांत आम्ही नाही. पण हेही वर्षातून एकदाच, मांडवात, सूत्रधार सांगेल तसे. काही मंडळांनी 'महिलांसाठी राखीव वेळ' ठेवण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हा आम्हांस प्रथम बरे वाटले. मग वेळ कळली: दुपारी तीन ते चार. रात्रीचे आठ ते दहा, जेव्हा खरा खेळ रंगतो, ते राखीव नव्हते; कारण ते आधीच राखीव होते. आणि मंडळाच्या इमारतीत बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का, असे विचारल्यावर उत्तर आले की आजवर तशी कधी गरज पडली नाही.