बॅटरी बदलून मिळेल, पण कागद वाचला का?

विजेच्या गाडीची चर्चा आता आपल्या घरांतही सुरू झाली आहे. पेट्रोल किती वाचेल हा हिशोब आपण लगेच मांडतो, पण बॅटरीच्या वॉरंटीचा कागद कोण वाचतो?

अमेरिकेत शेवरले बोल्ट गाड्यांना आगी लागल्या. 2020 मध्ये जनरल मोटर्सने जुन्या मॉडेलांचं चार्जिंग 90 टक्क्यांवर रोखलं, तेवढ्याने भागलं नाही. ऑगस्ट 2021 पर्यंत सुमारे 1 लाख 42 हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. दोष एलजीच्या सेलमध्ये होता, गाडी घरापासून लांब उभी करायची पाळी मात्र मालकांवर आली. शेवटी बदललेल्या बॅटरीवर 8 वर्षं किंवा 1 लाख मैलांची वॉरंटी मिळाली.

आपल्याकडेही 2019 च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने सरकारला सदोष गाड्या परत बोलवायला लावण्याचा अधिकार दिला आहे. म्हणजे रिकॉल हा कंपनीचा उपकार नाही. म्हणून गाडी घेण्याआधीच तीन गोष्टी लेखी विचारून घेऊ या: क्षमता किती टक्के घटली की बॅटरी बदलणार? बदलून नवी देणार की दुरुस्त केलेली? गाडी विकली तर वॉरंटी पुढच्या मालकाला चालेल का?

सेल्समनच्या तोंडी शब्दावर आठ वर्षं निघत नाहीत.