मॅटीवरचा ठोका

ईसीजीचा गुलाबी चौकटींचा कागद फार टिकत नाही. त्यावरची रेघ उष्णतेने उमटलेली असते, काही वर्षांत ती फिकट होत जाते. म्हणून डॉक्टर झेरॉक्स काढून ठेवायला सांगतात. मी ती काढली, आणि मग तीच रेघ मॅटीच्या कापडावर भरायला घेतली.

छातीत मधूनच काहीतरी धाडकन आपटायचं. एक रात्र दवाखान्यात काढावी लागली. रक्ततपासणी, इको, सगळं झालं. हृदय धडधाकट निघालं. काही ठोके तेवढे वेळेआधी पडत होते. मला घरी सोडलं, पण भीती सुटली नाही. डाव्या कुशीवर निजायची हिंमत होईना, फाईल उघडायची तर नाहीच.

मॅटीला मोजता येणारी घरं असतात, तशी ईसीजीलाही. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे एक बारीक घर ०.०४ सेकंदाचं. एका मिलिमीटरला मॅटीचं एक घर धरलं, लाल दोऱ्याच्या सहा पदरांतले दोन सुटे केले आणि टीप घालत गेले. नेहमीच्या ठोक्याचा सुळका उंच पण अरुंद, दोन-अडीच घरांत संपणारा. वेळेआधीचा ठोका रुंद, बेढब, आणि त्याच्यामागे लांब सपाट रेघ. तेवढ्या उसंतीत हृदय जास्त भरतं, म्हणून पुढचा ठोका जोरात बसतो. मला जाणवायचा तो धक्का या पुढच्या, अगदी सरळ ठोक्याचा होता! डॉक्टरांनी हे समजावलं होतंच. पण घरं मोजता मोजता ते मला पटलं.

जर्मनीत हायडेलबर्गच्या प्रिन्झहॉर्न संग्रहात आग्नेस रिश्टर या शिवणकाम करणाऱ्या बाईंचं एक जाकीट आहे. मनोरुग्णालयात असताना, १८९५च्या सुमारास, तिथल्याच कापडाचं त्यांनी ते शिवलं आणि त्यावर दोऱ्याने स्वतःविषयी लिहिलं. त्यातली बरीच अक्षरं आता लागत नाहीत. तरी आजारी माणसाने आपल्या हाताने केलेली अशी नोंद मला कुठल्याही केसपेपरइतकीच मोलाची वाटते.

धाकटी बहीण म्हणाली, "ताई, दुखणं कुणी भिंतीवर टांगतं का गं?" टांगावं, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे बायकांची दुखणी कपाटात, साड्यांच्या घडीखाली पडून राहतात. ती सपाट रेघ मी मुद्दाम हळदी रंगाने भरली आहे. येणाऱ्याची नजर आधी तिच्यावर जावी आणि त्याने विचारावं. परवा शेजारच्या काकूंनी विचारलं. मी सांगितलं, तेव्हा त्याही आपल्या धडधडीबद्दल बोलल्या. घरात कुणालाच सांगितलं नव्हतं त्यांनी. सोमवारी आम्ही दोघी त्यांच्या ईसीजीला जाणार आहोत.