हात पाहून धनुष्य ओढावं

कंपाउंड धनुष्याच्या जाहिरातीत एक आकडा ठळक छापलेला असतो. सेकंदाला ३३० फूट, ३४० फूट वगैरे. निदान आपण सॉफ्टवेअरवाल्यांनी तरी त्याला भुलू नये. हा बेंचमार्क आहे मंडळी, आणि बेंचमार्क कुठल्या मशीनवर चालवला हे न विचारता जो आकडा खरा मानतो त्याला आपण ऑफिसात काय म्हणतो ते आठवा.

हे मशीन असं असतं: आयबीओ नावाच्या मोजणीत धनुष्याची ताकद ७० पौंड, ओढ ३० इंच आणि बाणाचं वजन ३५० ग्रेन, म्हणजे जेमतेम २३ ग्रॅम. (बाणांच्या दुनियेत सगळं ग्रेनमध्ये मोजतात. एका ग्रॅममध्ये साधारण साडेपंधरा ग्रेन.) आता स्वतःची ओढ काढा. दोन्ही हात आडवे पसरायचे, मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत मोजायचं आणि अडीचने भागायचं. येईल ती अंदाजे तुमची ड्रॉ लेंग्थ. ३० इंच यायला माणूस सव्वासहा फूट उंच लागतो. पाच फूट चार इंचवाल्याची येते साडेपंचवीस-सव्वीस. म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक मुलींची आणि बऱ्याच मुलांची तेवढीच. माझीही सव्वीस.

हे पुराण आज सांगायचं कारण म्हणजे माझा एक मित्र. तो मूळचा रोह्याचा, मी पेणचा. आता तो बरीच वर्षं कोलोरॅडोत असतो. एल्क नावाची हरणं जगात सर्वात जास्त तिथेच आहेत, अडीच लाखांच्या वर. सप्टेंबरात तिथे धनुष्यबाणाचा वेगळा मोसम असतो आणि यंदा लायसन्स काढून जायचं त्याच्या मनात आहे. त्याने विचारलं, बाण कुठले घेऊ आणि पुढे पातं कुठलं लावू? मी वीकेंडला टारगेटवर बाण मारणारा माणूस. शिकार करत नाही आणि इथे करता येतही नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने. पण कमी ओढीचं गणित मला रोजचं आहे. शिकार करावी की नाही यावर आमचं एकमत नाही. पण करणारच असेल तर जनावर पटकन मरावं, पोटात बाण घेऊन दोन दिवस जंगलात फिरू नये, यावर आहे. खाली जे लिहिलंय ते त्यासाठी.

आधी एल्क केवढा ते बघा. नर तीनशे किलोच्या पुढे जातो, मादी सव्वादोनशेच्या आसपास. फणसाडच्या जंगलात (एके काळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, १९८६ पासून अभयारण्य, थोडा भाग रोहा तालुक्यातही येतो) सांबर पाहिलं असेल तर अंदाज येईल. जाड कातडं, रुंद बरगड्या आणि आत फुफ्फुसं. बाणाला तिथपर्यंत पोचायचंय, नुसतं लागायचं नाहीये.

इथेच टारगेट आणि शिकार यांची फारकत होते. २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाउंडची जगज्जेती झाली. अंतिम सामन्यात १५० पैकी १४९ गुण! पण कागदाला नुसतं भोक पडलं की गुण मिळतो. बाण किती खोल गेला ते कुणी विचारत नाही. म्हणून टारगेटवाल्यांनी दिलेला हलक्या बाणाचा सल्ला शिकारीला जसाच्या तसा लावू नये.

आता गणित. (कंटाळलात तरी वाचा, छोटंसंच आहे.) ओढ एक इंच कमी झाली की वेग साधारण १० फुटांनी घटतो, ताकद एक पौंड कमी झाली की साधारण २ फुटांनी. तेव्हा ३३० फूटवालं धनुष्य २६ इंच ओढ आणि ६० पौंडांवर आणलं की ३०० ग्रेनचा हलका बाण २७० फुटांनी जाईल. त्याच धनुष्यावर ४५० ग्रेनचा बाण चढवा. वेग उतरेल २२५ च्या आसपास. पाहणारा म्हणेल, गेलं की सगळं! पण ऊर्जा जवळपास तेवढीच राहते, उलट थोडी वाढतेच, कारण जड बाण धनुष्यातली ताकद जास्त नीट उचलतो. आणि संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, चक्क पंचवीस टक्क्यांनी वाढतो. कातडं, बरगडी, स्नायू असा अडथळा आला की बाण किती रेटा धरून पुढे जातो ते या संवेगावर बरंच अवलंबून असतं. पिंगपाँगचा चेंडू कितीही जोरात मारा, दार उघडत नाही. क्रिकेटचा सावकाश टाकला तरी उघडतं.

थोडक्यात, ओढ कमी असणाऱ्याने वेगाच्या मागे लागूच नये. ती शर्यत आपण सुरू व्हायच्या आधीच हरलेलो असतो. आपण वजनाच्या बाजूने खेळायचं.

पण किती वजन? डॉ. एड ॲशबी नावाच्या गृहस्थांनी आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियात खऱ्या जनावरांवर वर्षानुवर्षं चाचण्या केल्या. जड बाण, पुढे झुकलेलं वजन आणि अरुंद दोन धारांचं पातं, असा त्यांचा निष्कर्ष. जाड हाड फोडायला त्यांनी ६५० ग्रेनचा आकडा दिला, आणि आता काही लोक तो आकडा मंत्रासारखा जपतात. मला ते पटत नाही. २६ इंच आणि ६० पौंडांवर ६५० ग्रेनचा बाण १९० फुटांपर्यंत खाली येतो आणि मग अंतराचा अंदाज जरा चुकला की नेम खाली. माझं मत ४५० ते ५०० ग्रेन. त्यातही वजन मागे नको, टोकाकडे हवं.

शाफ्टचा कडकपणा, म्हणजे स्पाइन, हाही तक्त्यात बघूनच घ्यावा. दोन टेकूंमध्ये २८ इंच अंतर ठेवून मध्ये ८८० ग्रॅम वजन टांगलं की शाफ्ट किती वाकतो, तो हा आकडा. ४०० स्पाइन म्हणजे ०.४ इंच वाकला. आकडा मोठा तितका बाण लवचीक. आपला बाण आखूड, आणि आखूड काठी वाकत नाही. म्हणून सहा फुटी मित्र ३४० वापरतो म्हणून आपणही तेच घ्यायचं कारण नाही. उलट पुढचं टोक जड केलं की बाण जास्त वाकतो. तेव्हा तक्त्यात स्वतःची खरी लांबी आणि खरं टोकाचं वजन घालूनच बघायचं. ६० पौंड, २७ इंचांचा बाण आणि सव्वाशे-दीडशे ग्रेनचं टोक असेल तर बहुतेक ४०० च्या आसपास थांबाल.

आता पातं, म्हणजे ब्रॉडहेड. दुकानात सगळ्यात आकर्षक दिसतात ती उघडणारी पाती. उडताना मिटलेली, लागल्यावर छत्रीसारखी उघडणारी, दोन-दोन इंच रुंद. ७० पौंड आणि ३० इंचवाल्याने ती खुशाल वापरावीत. आपल्याला ती परवडत नाहीत. उघडायला ऊर्जा जाते, रुंद कापायला आणखी जाते, आणि मुळात आपली तिजोरी लहान. कोलोरॅडोचा नियम पातं किमान ७/८ इंच रुंद हवं म्हणतो (आणि धनुष्य किमान ३५ पौंडांचं). मग एक ते सव्वा इंचाचं, न उघडणारं, दोन धारांचं पोलादी पातं घ्यावं आणि त्याला धार लावावी. बोथट विळीवर टोमॅटो चिरलाय कधी? टोमॅटो दबतो, पिचकतो, चिरला जात नाही. शिरांचंही तसंच. बोथट पात्यापुढे त्या बाजूला सरकतात. सरावाला वापरलेलं पातं पुन्हा धार लावल्याशिवाय शिकारीला न्यायचं नाही.

यावर हलका बाणवाले म्हणतील, अहो, पण जड बाण खाली पडतो त्याचं काय? मुद्दा रास्त आहे. ४० मीटरवर अंतराचा अंदाज ३ मीटरनी चुकला तर हलका बाण साधारण ९ सेंटीमीटर चुकतो, जड बाण १३. एल्कच्या छातीतला नेमका भाग सव्वा फुटाचा धरला तर मध्यापासून १९ सेंटीमीटर. म्हणजे जड बाणाला नेम चुकायला फार थोडी जागा उरते! शिवाय बाण पोचायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ, तेवढ्यात जनावर पाऊल टाकतं. पण २० मीटरवर तीच चूक जड बाणाला ६-७ सेंटीमीटरना पडते. बरीच आत. तेव्हा जड बाणाची किंमत अंतरात चुकवायची. ४० मीटरवरून मारायचंच नाही.

आणि खरं सांगू का? धनुष्याच्या शिकारीचं मर्म तिथेच आहे. आमच्या पेण-रोह्याच्या डोंगरांतले कातकरी पिढ्यानपिढ्या शिकारी म्हणून ओळखले गेले. त्यांच्या तीरकमठ्याला ना चाकं होती ना साइट. वाऱ्याची दिशा, पाऊल कुठे टाकायचं, किती वेळ हलायचं नाही, हे त्यांचं तंत्रज्ञान. आज त्याच रानात त्यांनी सशावर बाण सोडला तर तो गुन्हा, आणि माझा मित्र रीतसर लायसन्स काढून हौस म्हणून एल्क मारणार. यातली विसंगती मला टोचते. निदान हौशी माणसाने जवळ जाण्याची ती मेहनत पैसे देऊन टाळू नये, एवढं तरी वाटतं.

शेवटचा सल्ला, जो दुकानदार सहसा देत नाही. वेग वाढवायला ओढ इंच-दीड इंच जास्त लावून घेऊ नका. हात ताठ होतो, हनुवटीजवळची जागा हलते, जाड जॅकेटच्या बाहीला दोरी घासते आणि नेम जातो. ताकदही तेवढीच ठेवा, जी थंडीत तासभर बसून राहिल्यावर, धनुष्य आभाळाकडे न नेता, सरळ समोर ओढता येईल.

अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात ना, तसंच हे. लहान हात ही काही खोट नाही, ते एक माप आहे. ते माप नाकारून जो बाण सोडतो, त्याच्या हट्टाची किंमत तो स्वतः देत नाही. समोरचं जनावर देतं.

असो. बघा पटतंय का.