हळदीच्या गोळीआधी रक्त तपासा

सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा अभिमान कृष्णाकाठी कुणालाही वाटावा. हरिपूरच्या पेवांत एकेकाळी हळकुंडे साठवणारी ही जुनी पेठ आहे. पण हळदीच्या नावावर आता वेगळाच माल खपवला जातो: अर्काची गोळी घ्या, धडधाकट माणसाचीही स्मरणशक्ती वाढेल. स्पर्धा परीक्षेला बसलेली नात आणि साठी ओलांडलेले आजोबा, दोघांनाही ही भुरळ पडते. म्हणून हा दावा तपासायलाच हवा.

दावेदारांचा सर्वांत भक्कम पुरावा आधी मांडतो. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या एका प्रयोगात 40 जणांपैकी काहींना दीड वर्ष रोज दोनदा 90 मिलिग्रॅम कर्क्युमिन हे हळदीतले द्रव्य दिले, इतरांना बिनऔषधी गोळी. कर्क्युमिनवाल्यांची स्मरणशक्ती सुधारली, असे 2018 साली प्रसिद्ध झाले. प्रयोग खोटा नाही. पण माणसे अवघी चाळीस, आणि कर्क्युमिन शरीरात शोषले जावे म्हणून मुद्दाम घडवलेले. आपल्या डब्यातल्या हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के असते. दिवसाकाठी एक ग्रॅम हळद पोटात गेली, तर ते भरते 30 मिलिग्रॅम, आणि त्यातलेही रक्तात फारच थोडे उतरते. औषधी रसायनशास्त्रज्ञांनी 2017 साली या संशोधनाचा सविस्तर आढावा घेतला, तेव्हा हे द्रव्य अस्थिर आहे, नीट शोषले जात नाही आणि कडक चाचण्यांत यशस्वी ठरलेले नाही, हाच निष्कर्ष निघाला. मिरीचा अर्क घालून शोषण वाढवलेल्या गोळ्या मिळतात खऱ्या. पण अशा तीव्र अर्कांनी यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत.

दुसरा दाखला हरियाणातल्या बल्लभगडचा. तिथे अल्झायमरचे प्रमाण फार कमी आढळले, असे 2001 साली जाहीर झाले आणि श्रेय लगेच हळदीला गेले. हळदीचा संबंध त्या पाहणीने सिद्ध केला नव्हता, तो मागाहून जोडला गेला. हळद देशभरच्या स्वयंपाकात पडते, तरी 2023 च्या अंदाजानुसार साठीपुढच्या भारतीयांपैकी 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख माणसे, स्मृतिभ्रंशाने ग्रासलेली आहेत. हळद ढाल असती, तर हा आकडा कुठून आला?

मग आहाराचा बुद्धीशी संबंधच नाही का? आहे, आणि घट्ट आहे. फक्त तो आपण शोधतो तिथे नाही. महाराष्ट्रातल्याच निवासी शाळांत 12 ते 16 वर्षांच्या मुलामुलींना सहा महिने बाजरी खाऊ घातली. काहींना नेहमीची, काहींना लोह जास्त असलेली. लोहवाल्या बाजरीने लक्ष आणि स्मरण या दोन्ही कसोट्यांत सुधारणा दिसली. हे 2018 सालीच छापून आले, हळदीच्या प्रयोगाच्याच वर्षी. पण बाजरीची गोळी कुणी विकत नाही, म्हणून त्याचा गाजावाजा झाला नाही. ही मुले होती, प्रौढ नव्हेत, हे मान्य. तरुण स्त्रियांवरच्या 2007 च्या अमेरिकी प्रयोगातही लोहाची उणीव भरताच लक्ष, स्मरण आणि शिकण्याच्या कसोट्यांतली कामगिरी सुधारली होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. म्हणजे आपण धडधाकट समजतो त्यांतल्या कितीतरी बायका मुळातच उणिवेवर अभ्यास, नोकरी आणि शेत सांभाळत आहेत. माण-खटाव, आटपाडी-जतच्या ज्या बाजरीला दुष्काळी भागाची भाकरी म्हणून हिणवले, तिचे मोल इथे कळते.

दुसरी उणीव बी-12 ची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या 2006 च्या पाहणीत शहरी मध्यमवर्गी पुरुषांपैकी 81 टक्क्यांत हे जीवनसत्त्व कमी आढळले. ते वनस्पतींत जवळपास नसते. दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. पातळी फार खाली गेली की विसराळूपणा, मुंग्या, थकवा सुरू होतो. मात्र उलट बाजूही तितकीच खरी: ब जीवनसत्त्वांच्या 11 चाचण्यांतल्या सुमारे 22 हजार माणसांचा 2014 साली एकत्रित हिशेब मांडला, तेव्हा पूरक गोळ्यांनी वयोमानाने होणारी बुद्धीची घसरण थांबली नाही. भरल्या घागरीत आणखी ओतून काय साधणार?

कुणी म्हणेल, असे लिहून तुम्ही आमच्या हळदीच्या शेतकऱ्याचे नुकसान करता. मुळीच नाही. सांगलीची हळद रंगाने, वासाने, चवीने आणि पेठेच्या पतीने विकली जाते. खोटा दावा उघडा पडला, तर त्या पतीलाच धक्का लागेल. अर्काच्या बाटलीवर खर्च करण्याआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) आणि बी-12 तपासावे, उणीव निघाली तर डॉक्टरांच्या सल्ल्याने भरावी. भाकरी-भाजीवर लिंबू पिळावे, त्याने लोह अधिक शोषले जाते. आणि जेवणावर लगेच चहा घेण्याची आपली सवय मोडावी, कारण भाकरीतले लोह तो चहाच अडवतो.