ओलाव्याचा आकडा कार्डावर उतरला पाहिजे



डिलाईल रोडचे नाव ना. म. जोशी मार्ग होऊन बरीच वर्षे झाली, तरी आपल्या गावांत आजही ‘पोरगं डिलाईल रोडला असतं’ असेच सांगतात. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून गेल्या, खोल्या मात्र काहींनी टिकवल्या. त्या खोल्यांतली तिसरी पिढी आता डिप्लोमा, इंजिनिअरिंग करते आहे. लॅमिंग्टन रोडचा बाजार जवळ, तेव्हा तिथून आर्डुइनोचा बोर्ड, ओलावा मोजणारा सेन्सर, चार वायरी आणायच्या व घरी जुळवायच्या, हा या मुलांचा छंद.

आपल्या एका सभासदांच्या नातवाने असे यंत्र करून सुट्टीत गावी आणले व आजोबांच्या आडसाली उसात बसवले. आम्ही मुद्दाम जाऊन पाहिले. पोराचे काम झकास, आकडा लख्ख दिसत होता. पण रात्रीच्या लाईटीला पाणी सोडले तेव्हा आकडा किती होता, आणि मोटर बंद होण्याच्या किती आधी सरी पुरेशी भिजली होती, हे विचारले तर यंत्राला काही सांगता येईना. आकडा दिसला आणि गेला.

ज्या यंत्राला मेमरी कार्ड नाही ते उसात बसवूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. वाफसा ओळखायला आपल्या शेतकऱ्याला यंत्र लागत नाही, मूठभर माती दाबून तो सांगतो. त्याला हवा आहे तो रात्रीचा हिशेब, खालच्या थरातला हिशेब. जादा पाण्याने कृष्णा-वारणा काठच्या जमिनी कशा क्षारपड झाल्या, हे आम्ही नव्याने सांगायला नको.

तरुण सभासद म्हणतात, “साहेब, आता सगळं मोबाईलवर येतं, कार्ड कशाला?” येऊ द्या की! बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात उसावर सेन्सरचे मोठे प्रयोग झाले आहेत, त्याचे आम्हांला कौतुकच आहे. पण ओढ्याकडेच्या रानात रेंज नसते आणि रिचार्ज संपला की आकडे थांबतात. कार्ड शेतकऱ्याच्या खिशात राहते.

खर्चाचा बाऊ करू नये. दर पंधरा मिनिटांनी एक ओळ धरली तर दिवसाच्या ९६ ओळी होतात. ओळ तीस अक्षरांची असली तर अठरा महिन्यांच्या आडसालीची सारी नोंद दीड मेगाबाईटच्या आसपास बसते. म्हणजे सर्वांत लहान कार्डही पुरून उरेल. आर्डुइनो उनो बोर्डाची स्वतःची कायम स्मरणजागा मात्र १०२४ बाईटची, त्यात जेमतेम साडेआठ तास निघतात.

त्या नातवाने पुढे कार्ड जोडले, तर पहिल्या आठवड्यात फाईल रिकामी निघाली. तो ओळी आतल्या आत साठवत होता आणि बॅटरी उतरली तशा त्या गेल्या. आता तो प्रत्येक ओळ लिहून झाली की फाईल बंद करतो. बटणासारखा सेल असलेले घड्याळही त्याने बसवले आहे, कारण वेळ नसलेला आकडा म्हणजे तारीख नसलेली पावती. कार्ड ३.३ व्होल्टचे आणि उनो ५ व्होल्टचा, म्हणून मधे व्होल्टेज जुळवणारे मॉड्यूल लागतेच.

आणखी एक. मुंबईत गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत लावलेला हिशेब आपल्या काळ्या रानात चालणार नाही. आपलीच माती एकदा पूर्ण वाळवून व एकदा चिंब भिजवून दोन्ही आकडे आधी लिहून ठेवावेत. उघड्या धातूच्या दोन काट्यांचा सेन्सर स्वस्त मिळतो, पण ओल्या मातीत तो लवकर गंजतो. कपॅसिटिव्ह पट्टी मागावी, आणि तिची वरची जोडणी पाण्यापासून झाकावी.

कार्ड काढण्यापूर्वी बॅटरीची कळ बंद करायला विसरू नये. पाळी कोणत्या दिवशी दिली, ते मात्र वहीत हातानेच लिहावे लागेल.